हाजी बसयूनींचा ताप

बाबांची लघवी अडली ती नेमकी नवा मचवा पाण्यात लोटायच्या दिवशी. इझबत अल-बुर्जला नाईलच्या काठी आमचं आवार आहे. बाबांचं उभं आयुष्य तिथे मच्छीमारांचे मचवे बांधण्यात गेलं. वय झालं, हातातली हातोडी सुटली, तरी मचवा पाण्यात जाताना हाजी बसयूनी समोर उभे असले पाहिजेत असा मालकांचा आग्रह असायचा. त्या दिवशी बोकड कापला होता, मचव्याच्या नाकाडावर रंगीत फडकी बांधली होती, माणसं दोराला लागली होती. आणि बाबा कुठे दिसेनात. मी शोधत मागे गेले तर ते तुतीच्या ओंडक्यांआड भिंतीला हात टेकून उभे. चेहरा घामाने निथळत होता.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही. तू जा तिकडे."

"उभं राहवत नाहीये तुम्हाला, आणि म्हणे काही नाही."

"इन्साफ," ते ओठ आवळून म्हणाले, "सकाळपासून एक थेंब झाला नाही. आता बापाच्या तोंडून आणखी काय वदवून घेणार आहेस?"

मचवा आमच्याशिवायच पाण्यात गेला. आम्ही गाडी करून दुमयातच्या हॉस्पिटलात पोचलो तोवर बाबांचं पोट दगडासारखं झालं होतं. प्रोस्टेटची गाठ वाढून वाट बंद झाली होती. त्यांनी लघवीला नळी घातली, मांडीला पिशवी बांधली, आणि बाबांनी डोळे मिटून असा उसासा टाकला की शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. डॉ. शुकरी म्हणून तिथले सर्जन होते. ते म्हणाले, गाठ काढावी लागेल. पण ऑपरेशनसाठी रांग मोठी आहे. तोवर नळी राहू द्या.

घरी मी आणि बाबा दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझा संसार काही वर्षांतच मोडला आणि मी परत माहेरी आले. इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. भाऊ रिदा कुवेतला असतो. तेव्हा पिशवी रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी बादली घेऊन बसले तेव्हा बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हे काम बायकोचं," ते म्हणाले. "तुझी आई हुशार. वेळेवर सुटली."

"पाय इकडे करा जरा."

"आयुष्यभर बोटीच्या फटींत कापूस ठासला. थेंब आत येऊ दिला नाही. आणि या शहाण्यांनी काय केलं, तर मलाच भोक पाडून खाली पिशवी टांगली."

हळूहळू ते सरावले. अंगातली पायघोळ गलाबिया सैल असते, त्यामुळे पिशवी दिसायची नाही. ते कॅफेत जाऊन बसायचे. पिशवीला त्यांनी 'कस्टमचा साहेब' असं नाव ठेवलं होतं. जाईन तिथे मागे येतो आणि काय काय गेलं त्याची मोजदाद ठेवतो, म्हणायचे.

मग ताप आला. हुडहुडी भरली, पिशवीतलं पाणी गढूळ झालं, वास मारायला लागलं. आमच्या कोपऱ्यावर नर्मीनचं औषधाचं दुकान आहे. माझ्यापेक्षा लहान पोर, पण सगळं गाव तिला डॉक्टर नर्मीन म्हणतं. मला ती 'अबला' म्हणते, आमच्याकडे ताईला तसं म्हणतात. दुमयातला जायचं म्हणजे गाडी, मग बाकावर ताटकळणं, मग डॉक्टर दोन मिनिटं बघणार. नर्मीन दारात उभ्याउभ्या विचारपूस करते. तिने कॅप्सूल दिल्या, लघवी साफ व्हायला फसफसणाऱ्या पुड्या दिल्या आणि बजावलं, "अबला इन्साफ, सगळ्या संपवायच्या हं. मध्येच सोडायच्या नाहीत." मी घरी जवाचं पाणी उकळलं, पार्सलीचा काढा केला.

ताप उतरला तसे बाबा कॅप्सूल घेईनात.

"आग विझली. आता विझलेल्यावर पाणी कशाला ओतायचं?"

"नर्मीनने सांगितलंय."

"नर्मीन दुकान चालवते, पोरी. ठेव त्या चहाच्या डब्यात. पुढच्या खेपेला लागतील."

यात कुणालाच वावगं वाटत नाही. आमच्या गल्लीत औषधाच्या गोळ्या मिठासारख्या शेजारून मागून आणतात. ज्याला ताप असेल त्याने घ्याव्या, उरल्या तर परत कराव्या. पुढच्या खेपेला त्या कॅप्सूल लागल्याही, आणि लागूही पडल्या, पण अर्ध्यामुर्ध्याच. त्याच्या पुढच्या खेपेला नर्मीनने वेगळ्या गोळ्या दिल्या, जास्त महागाच्या. नंतर इंजेक्शनं आली. ती नर्मीनच दुकानाच्या मागच्या खोलीत द्यायची. दर वेळी बाबा बरे व्हायचे, दर वेळी मी म्हणायचे, सुटलो. आणि दोन तापांमधलं अंतर आखडत चाललं होतं.

एके दिवशी नर्मीनने मला दुकानात थांबवून घेतलं. गिऱ्हाईक जाऊ दिलं आणि हळूच म्हणाली, "अबला, माझ्याकडे होतं ते सगळं देऊन झालं. यापुढे मला कळत नाही. लघवीचं कल्चर करून घ्या. मी आधीच सांगायला हवं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस तर आम्ही पुढच्या दुकानातून घेतलं असतं," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

ऑपरेशनचा नंबर त्याच सुमारास लागला. डॉ. शुकरींनी लघवी तपासायला पाठवली आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे डॉ. इब्तिहाल होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा सारखा नाकावर घसरणाऱ्या. हॉस्पिटलातल्या सगळ्या वॉर्डांची कल्चरं त्यांच्या हाताखालून जायची. त्यांनी आम्हाला स्टुलांवर बसवलं आणि एक काचेची गोल बशी दाखवली. बशीत पिवळसर थर पसरला होता आणि त्यावर औषधांच्या पांढऱ्या टिकल्या ठेवल्या होत्या.

"हाजी, ज्या टिकलीभोवती मोकळी जागा दिसते, ते औषध जंतूला मारतं. बघा, कुठे दिसतेय का."

बाबांनी बशी उजेडाकडे धरली. लाकडातली चीर बघावी तशी नजर बारीक केली. बहुतेक टिकल्यांना थर अगदी येऊन भिडला होता.

"इथे आहे," ते म्हणाले. "या एकीभोवती. आणि इथे थोडीशी."

"ते एक सलाईनमधून देतात. दिवसातून तीनदा, म्हणून वॉर्डात राहावं लागेल. आणि ते दुसरं किडनीला त्रास देतं. तुमच्या किडन्या आधीच थकल्यात. ते नको."

"आणि मी घेतल्या त्या सगळ्या गोळ्या?"

"त्या आता याला चालत नाहीत."

"डॉक्टरीणबाई, हा आला कुठून? मी त्या कॅप्सूल अर्ध्या सोडल्या म्हणून? ही पोर रोज बोलून दाखवते मला."

मी असं कधीच बोलले नव्हते. डॉ. इब्तिहालनी घसरलेला चष्मा वर केला.

"त्यानेही होतं. किंवा नळी घालताना इथल्याच वॉर्डातून लागला असेल. कुणा दुसऱ्याच्या पोटातून आलेला असेल. मला खरंच सांगता येणार नाही, हाजी. मी उगाच काही सांगितलं तर ते खोटं होईल."

बाबा वॉर्डात राहिले. ते सलाईन सुरू झालं आणि खरोखर जादू व्हावी तसा ताप पळाला. बाबांना भूक लागली. मी डब्यात सय्यादिया, म्हणजे मासळीचा भात, नेला, तर त्यांनी अर्धा भात खोलीत वाटला आणि वर कांदा करपलाय म्हणून मलाच टोमणा मारला. शेजारच्या खाटेवर मन्सुराचा एक शेतकरी होता. त्याला ते होडीचं लाकूड कसं निवडायचं ते शिकवायचे, जणू तो उद्या जाऊन होडी बांधणार होता. नळी बदलली. आम्ही घरी आलो. डॉ. शुकरींनी ऑपरेशनची तारीख दिली. बाबांनी न्हावी बोलावून दाढी करून घेतली.

ऑपरेशनच्या आधी पुन्हा कल्चर केलं, आणि जंतू तिथेच होता. आता त्या सलाईनच्या टिकलीलाही थर भिडला होता.

डॉ. शुकरी टेबलावर कोपर टेकून बसले. वाईट माणूस नाही तो. "हाजी, मी आत्ता गाठ कापली तर हा जंतू रक्तात जाईल. तेव्हा त्याला अडवायला माझ्या हातात काहीतरी हवं. किडनीला त्रास देणारं ते एक सोडलं तर काहीच नाही. लघवी साफ झाल्याशिवाय मला हात लावता येणार नाही."

"मग लघवी साफ करा."

"नळी आहे तोवर ती साफ होणार नाही."

"मग नळी काढा."

"नळी काढली तर वाट बंद होईल. आणि वाट उघडायची म्हणजे गाठ कापायची."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे दार उघडायला किल्ली पाहिजे, आणि किल्ली घरात आहे," ते म्हणाले. 

मी धावत प्रयोगशाळेत गेले. डॉ. इब्तिहालनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताप आहे आत्ता?"

"नाही."

"कंबर दुखते? खाणंपिणं?"

"ठीक आहे सगळं. पण लघवी गढूळ आहे."

"मग काहीही देऊ नका. नळी वेळच्या वेळी बदला, पाणी भरपूर पाजा. पण औषध नको. जंतू नळीत राहणारच. ताप नसताना औषध दिलंत तर तो आणखी घट्ट होईल आणि खरी गरज पडेल तेव्हा ते उरलेलं एक औषधही चालणार नाही."

"काहीही नको? म्हणजे मी काय करायचं?"

"वाट बघायची," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून डोळे चोळले. "मला माहीत आहे, हे फार अवघड आहे."

अवघड म्हणजे किती, ते घरी आल्यावर कळलं. रोज सकाळी पिशवी रिकामी करायची. त्यात ताकासारखं गढूळ पाणी, तळाला दोरे. आणि ते ओतून, हात धुऊन शाळेत निघून जायचं. काहीही न करता. वर्गात मुलींना शिवण शिकवताना मध्येच वाटायचं, घरी जाऊन कपाळाला हात लावून बघावं. दुपारी आल्या आल्या मी आधी कपाळाला हात लावायचे.

"अगं, भाकरी भाजलीय का ते बघतेस की काय?" बाबा म्हणायचे. "गार आहे. जा, जेव."

रिदाचा रोज फोन यायचा. "तू त्यांना काहीच देत नाहीयेस?" त्याचा आवाज चढायचा. "असं कोण करतं इन्साफ? गढूळ आहे म्हणतेस आणि हातावर हात ठेवून बसलीयेस?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी? प्रयोगशाळेतल्या? ती काय पेशंट बघते? इथे कुवेतमध्ये असल्या आजाराला आठवड्यात बरं करतात."

"मग घेऊन जा त्यांना तिकडे."

 तो कुणाच्या तरी कंपनीत गाडी चालवतो, एका खोलीत चौघं राहतात. मी तसं बोलायला नको होतं. पण दिवसभर कुणावर तरी राग काढायला हवा होता आणि बाबांवर काढता येत नव्हता.

शेजारणी येऊन मध सांगायच्या, काळं जिरं सांगायच्या. एकीने कुठलं तरी गवत उकळून आणलं. बाबा ते निमूट प्यायले, कारण तिने प्रेमाने आणलं होतं. मी नर्मीनच्या दुकानावरून जायचे तेव्हा ती बाहेर यायची, नुसती विचारायची, "कसे आहेत हाजीकाका?" आणि मी म्हणायचे, "आहेत." तिच्या मागे फळीवर खोक्यांच्या रांगाच्या रांगा लागलेल्या असायच्या.

थंडी सुरू झाली, वारा समुद्रावरून यायला लागला. एका सकाळी मी कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. बाबा जागे होते.

"भाजली ना आज भाकरी," ते म्हणाले. दात वाजत होते.

हॉस्पिटलात नेईपर्यंत त्यांचं बोलणं भरकटलं होतं. कुणा जुन्या सुताराला हाका मारत होते, फळी उलटी लावलीस म्हणून रागावत होते. रिदाने विमान पकडलं. तो दुसऱ्या दिवशी आला तो हातात एक बॅग घेऊन, आणि सामान न ठेवता तडक वॉर्डात. डॉ. इब्तिहाल तिथेच खाटेपाशी होत्या. त्याने बॅग त्यांच्यासमोर उघडली. औषधांनी भरली होती. चकचकीत खोकी, परदेशी नावं, काही इंजेक्शनं बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली. कुठून, कुणाकडे हात पसरून आणली होती, देव जाणे.

"यातलं काय लागेल ते घ्या, डॉक्टर. हे सगळं अस्सल आहे."

डॉ. इब्तिहालनी एकेक खोकं उचललं, नाव वाचलं आणि खाटेच्या कडेला ठेवलं. त्यांनी घाई केली नाही. शेवटचं खोकंही ठेवलं.

"भाऊ, औषधं चांगली आहेत. पण यातलं एकही याला लागू पडत नाही. आम्ही सगळी तपासलीत."

"एकही?"

"नाव वेगळं आहे, कंपनी वेगळी आहे. औषध तेच आहे."

रिदाने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस फोनवर भांडला होता. आता त्याच्या चेहऱ्यावर भांडणाचं काही उरलं नव्हतं. तो खाली बसला आणि खोकी पुन्हा बॅगेत भरायला लागला. एक हातातून निसटलं, ते मी उचलून दिलं.

किडनीला त्रास देणारं ते दुसरं औषध तेवढं उरलं होतं. डॉ. शुकरी आले, त्यांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. न द्यावं तर जंतू रक्तात पसरतोय. द्यावं तर किडन्या टिकतील याची खात्री नाही. तुम्ही सांगा, म्हणाले. आम्ही काय सांगणार? मी मुलींना शिवण शिकवते, भाऊ गाडी चालवतो. ज्यांना कळतं तेच आम्हाला विचारत होते. रिदा म्हणाला, द्या. मीही म्हणाले, द्या.

बाबा संध्याकाळी थोडे शुद्धीवर आले. रिदाला बघून आधी ओळखलं नाही, मग ओळखलं.

"तू कसा? रजा मिळाली?"

"मिळाली, बाबा."

"जाडा झालास." मग माझ्याकडे वळून, "इन्साफ, हे आता काय लावलंय?"

"नवीन औषध आहे. चांगलं आहे."

"तुझा चेहरा तसं म्हणत नाही."

मी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावला.  त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. सुताराचा हात, बोटं वाकडी, पण पकड तीच. "कुणाची चूक नाही हं ही," ते म्हणाले, आणि ते मला म्हणाले की रिदाला की त्या कुणा सुताराला, ते मला अजून कळलेलं नाही.

ताप उतरला. औषधाने तेवढं केलं. पण पिशवी भरेनाशी झाली. आधी अर्धी, मग तळाला जेमतेम, मग कोरडी. इतके महिने मी ती पिशवी रिकामी करायला कंटाळले होते आणि आता तिच्याकडे बघत बसायचे, थेंब येतोय का. अंगावर सूज चढली. डायलिसिसवर न्यायचं ठरलं, पण रक्तदाब इतका खाली होता की मशीनला लावता येईना. एका दुपारच्या अजानच्या सुमारास, रिदा चहा आणायला खाली गेला असताना, बाबा गेले. मी एकटीच होते. नर्सने मांडीची पिशवी सोडवली. मी तिला म्हटलं, नळीही काढा आता. तिने काढली.

त्यांना मचवे बांधणाऱ्यांनी खांद्यावर नेलं. आवारातलं काम त्या दिवशी बंद राहिलं. घरी बायका जमल्या, मी बिनसाखरेची कॉफी फिरवत होते. आईकडची एक मावशी आतल्या गावाहून आली होती. तिला बाबांच्या आजाराचं काही माहीत नव्हतं. तिने मला हाताला धरून शेजारी बसवलं.

"काय झालं होतं गं हाजीला? हार्ट?"

"नाही, मावशी. लघवीचा संसर्ग."

तिला वाटलं, मी रडून रडून काहीतरी बोलतेय. "अगं नाही, मी विचारतेय, गेले कशाने?"

"त्यानेच."

"त्याने कुठे माणूस मरतो? माझ्या सुनेला तर वर्षातून दोनदा होतो. गोळी घेते, कामाला लागते." ती थोडी चिडलीच, मी तिच्यापासून काही लपवतेय असं वाटून. समोरच्या दोघीतिघीही माझ्याकडे बघायला लागल्या. "तुम्ही औषध नव्हतं का दिलं?"

"दिलं होतं," मी म्हणाले.

 तिच्या हातातला कप रिकामा झाला होता. मी तो घेतला आणि स्वयंपाकघरात गेले.